इतर या रकान्यातले टोस्ट

फळाचे आणि चीजचे टोस्ट करायला दहा मिनिटं लागतात, असं मोबाईलमधली बाई म्हणाली होती. मला नऊ दिवस लागले, आणि नवव्या दिवशी भरसभेत सचिवकाकांचा माईक पाच वेळा बंद पडला. हे सगळं ढब्बू झोपली आहे तोवर सांगून टाकायला हवं. ढब्बू दुपारी साधारण पन्नास मिनिटं झोपते. कुकरची शिट्टी झाली तर अकरा. आज कुकर लावलेला नाही. ओट्यावर बशीत फक्त दोन टोस्ट ठेवलेत, आणि त्यांना हात लावायची वेळ अजून झालेली नाही.

ढब्बू म्हणजे माझी मुलगी, वय वर्षे एक आणि महिना एक. तिला एक सुंदर, अर्थपूर्ण वगैरे नाव आहे. ते ठरवायला दोन्हीकडच्या आज्यांनी चार महिने घेतले आणि आता ते फक्त लसीच्या कार्डावर वापरलं जातं.

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात इमारतीच्या रंगकामाला सुरुवात झाली. चारी बाजूंनी परांची बांधली, तिच्यावर हिरवं जाळीचं कापड ताणलं, आणि वर्षभर आम्ही एखाद्या झाकलेल्या पिंजऱ्यातल्या पोपटासारखे राहिलो. नवरा मोठाली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. यंत्रं बहुधा सोमवारी बिघडतात आणि शुक्रवारी सुधारतात, त्यामुळे मधले दिवस तो बाहेरगावी असतो. धुळीमुळे सगळ्यांच्या खिडक्या बंद, दारं बंद. तिसऱ्या मजल्यावर माझ्याशी कोणी रोज बोलत असेल तर तो रंगारी. तो खिडकीबाहेर दोरीला लटकून यायचा आणि म्हणायचा, "काय ढब्बूशेठ, झाली का अंघोळ?" मी आतून म्हणायची, "झाली झाली. तुमचा चहा झाला का?" असा आमचा तीन आठवडे घरोबा होता. मग आमची भिंत संपली आणि तो दुसऱ्या मजल्यावर उतरला. माणसं दुरावतात म्हणतात, ती अशीही दुरावतात.

त्यानंतरची गोष्ट. दुकानातला माणूस मला म्हणाला, "पिशवी हवी?" मी म्हणाले, "नको, आणली आहे. आणि तुम्ही कसे आहात?" त्याने वळून मागे पाहिलं. मागे साबणाचं कपाट होतं. मी ढब्बूची बाबागाडी ढकलत बाहेर आले तेव्हा माझे कान तापले होते. आठवून पाहिलं, तर सकाळपासून मोठ्या माणसाशी बोललेली ती माझी पहिलीच वाक्यं होती, आणि दुपारचे चार वाजले होते.

म्हणून खालच्या फलकावर सूचना लागली तेव्हा मी ती तीनदा वाचली. "रंगकाम पूर्ण झाल्यानिमित्त शनिवारी सायंकाळी पाच वाजता सभागृहात स्नेहमेळावा. प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा. पदार्थाची नोंद सचिवांकडे आगाऊ करावी." मी तिथल्या तिथे, ढब्बूला कडेवर घेऊन, एक निश्चय केला. या मेळाव्यात निदान एका मोठ्या माणसाशी सलग पाच मिनिटं बोलायचं. विषय कोणताही चालेल. मात्र शी, दात आणि लस हे तीन वर्ज्य. पाच मिनिटं म्हणजे काही फार नाही. बँकेतसुद्धा माणूस एवढं बोलतो.

पण नुसतंच कसं बोलणार? हातात काहीतरी हवं, ज्यावरून समोरचा म्हणेल, "अय्या, हे कसं केलंत?" आणि मग मी सांगेन. मी मोबाईल उघडला. एक हसरी बाई म्हणाली, "हाय मैत्रिणींनो!"

"हाय," मी म्हणाले. कोणीतरी मैत्रीण म्हटल्यावर उत्तर न देणं मला जमलं नाही.

"आज आपण पाहणार आहोत पार्टीसाठी एकदम सोपे, झटपट टोस्ट!" पाव भाजायचा, त्यावर मऊ चीज लावायचं, पेअरच्या पातळ चकत्या, अक्रोडाचे तुकडे, वरून मधाचा थेंब आणि चिमूटभर मिरपूड. संपलं. एवढ्या कमी कष्टात एवढी प्रतिष्ठा मी आजवर पाहिली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "करून बघा आणि मला नक्की सांगा हं!" मी नक्की सांगितलं. खाली चाळीस हजार जणींनी आधीच सांगितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणीसाठी सचिवकाकांकडे गेले. सचिवकाका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेत, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते माणसांना घराच्या क्रमांकाने ओळखतात.

"बोला, तीनशेदोन. पदार्थ?"

"फळ आणि चीजचे टोस्ट."

"तिखट की गोड?"

"दोन्ही नाही. म्हणजे थोडं थोडं दोन्ही."

"असं थोडं थोडं नसतं हो." त्यांनी आखलेला कागद माझ्याकडे वळवला. "रकाने तीन आहेत. तिखट, गोड, पेय. कुठे लिहू?"

"वर मिरपूड असते," मी म्हणाले.

"म्हणजे तिखट."

"पण मधही असतो."

"मध किती?"

"थेंबभर."

"आणि मिरपूड?"

"चिमूटभर."

सचिवकाका खुर्चीत मागे रेलले. "बत्तीस वर्षं खात्यात काढली मी. थेंब आणि चिमूट यांची तुलना होऊ शकत नाही. एक द्रव आहे, एक घन आहे. असं करा, मध काढून टाका."

"मग फळ गोड असतंच ना."

"फळ काढा."

"मग नुसता चीज-पाव राहील हो काका!"

"तो तिखटात बसेल," ते समाधानाने म्हणाले.

मी घरी जाऊन विचार करते असं सांगितलं, कारण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि टोस्टसाठी सचिवासमोर रडणं हे माझ्या शिक्षणाला शोभलं नसतं. संध्याकाळी फलकावर यादी लागली. तिखटात नऊ घरं होती, गोडात आठ, पेयात चार. त्याखाली बारीक अक्षरात चौथी ओळ होती: "इतर: कागदी बश्या, टिश्यू पेपर, पाण्याचे जार, ३०२." टोस्टचा उल्लेखही नाही. बश्या, जार आणि मी.

आता सल्ल्यांबद्दल. आमच्या समोरच्या दारात एक काकू राहतात. त्या दार उघडतात ते साखळी लावून, चार बोटांच्या फटीतून. वर्षभरात मी त्यांचा डावा डोळा, अर्धं नाक आणि गाऊनची तीन बटणं एवढंच पाहिलं होतं. पण चव घ्यायला घरात कोणी नसल्यामुळे (ढब्बूचं मत एकतर्फी असतं, ती चीज चाटते आणि पाव केसांना लावते) मी पहिला टोस्ट घेऊन त्यांचीच बेल वाजवली.

"काय आहे?" फटीतून आवाज आला.

"टोस्ट केलाय काकू, जरा चव बघता का?"

फट उभी होती आणि टोस्ट आडवा. आडवा जाईना. उभा केला तर पेअर घसरलं आणि बरोबर उंबऱ्यावर पडलं, अर्धं त्यांच्या हद्दीत, अर्धं माझ्या. आता पुसायचं कोणी, असा प्रश्न आम्हा दोघींच्या दीड चेहऱ्यांवर उमटला. तो ढब्बूने सोडवला. तिने खाली वाकून ते खाल्लं.

काकूंनी पाव चावल्याचा आवाज आला. मग दार बंद झालं. मी निघाले तोच परत उघडलं. "ओला होणार हा. फळाचं पाणी सुटतं." बंद. मी माझ्या दारापर्यंत पोचले. उघडलं. "आणि पेअर काळं पडतं. लिंबाच्या पाण्यात टाका." बंद. असे एकूण पाच सल्ले पाच हप्त्यांत मिळाले. मला तेव्हा वाटलं, या बाईला एकदम का बोलता येत नाही? आता वाटतं की एकदम बोललं तर संपून जातं.

लिंबाचं पाणी लावलेलं पेअर पांढरंशुभ्र राहिलं, पण त्याची चव भांडी घासायच्या साबणासारखी लागायला लागली. पेअर सोडून सफरचंद घेतलं तर ते टोस्टवरून शिस्तीत उतरून जायचं. द्राक्षं घेतली तर ती गडगडायची. एक अख्खा बुधवार मी जमिनीवरून द्राक्षं आणि ढब्बूच्या तोंडातून अक्रोड काढण्यात घालवला. संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सगळं सविस्तर सांगितलं. पलीकडे कुठलंतरी यंत्र धडधडत होतं.

"ऐकतोयस ना?"

"हो हो. छानच लागत असेल."

"अरे, छान लागत नाहीये हेच सांगतेय मघापासून!"

"मग बाहेरून मागवू या काहीतरी. कशाला एवढं मनाला लावून घेतेस? टोस्ट तर आहे."

टोस्ट तर आहे! मी फोन ठेवला. मनाला लावायला माझ्याकडे त्या आठवड्यात दुसरं काय होतं, ते त्याने सुचवलं असतं तर तेही लावून घेतलं असतं.

पण खरी भीती मला वरच्या बाईंची होती. आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, एक बाई एकट्या राहतात एवढंच मला माहीत होतं. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. ढब्बू दुपारी झोपायच्या आधी अर्धा तास रडते. साधं रडत नाही, एखाद्या मोर्च्यासारखी घोषणा देत रडते. आणि ती थकून झोपली रे झोपली, की दोनच मिनिटांत वरून आवाज यायचा: घर्रर्र... धप्प! रोज. न चुकता. आधी काहीतरी ओढल्याचा, मग आपटल्याचा. मला त्याचा अर्थ स्वच्छ कळत होता. "झालं का एकदाचं?" असा तो अर्थ. मी खोलीत जाड सतरंजी घातली. खुळखुळे कपाटात कोंडले. माफीची चिठ्ठीसुद्धा लिहिली होती, तीन वेळा. पण "आदरणीय" लिहून पुढे नाव माहीत नसल्याने प्रत्येक वेळी तिथेच थांबले. मेळाव्यात त्या सगळ्यांदेखत काही बोलल्या तर? पाच मिनिटांचं संभाषण मला हवं होतं, पण तसलं नको होतं.

गुरुवारी मी शास्त्रीय प्रयोग केला. टोस्ट तयार करून घड्याळ लावलं आणि दर मिनिटाला बोटाने दाबून पाहिलं. पाच मिनिटं चाळीस सेकंदांनी त्याचा कुरकुरीतपणा गेला. सहाव्या मिनिटाला तो ओल्या पायपुसण्यासारखा लोंबला. म्हणजे टोस्ट घरून करून नेण्यात अर्थ नव्हता. ते तिथेच, सभागृहामागच्या छोट्या स्वयंपाकघरात, ऐनवेळी भाजून, ऐनवेळी लावून, हातोहात द्यायला हवे होते. सत्तर माणसं, माणशी दोन, आणि माझ्या टोस्टरमध्ये एका वेळी दोन पाव. हा हिशेब मी नीट केला होता. त्यात मी स्वतः कुठे उभी असेन, एवढंच पाहायचं राहून गेलं.

सभागृहात विजेचं उपकरण लावायचं तर अर्ज लागतो. मी अर्ज केला. सचिवकाकांनी विचारलं, "टोस्टर किती वॅटचा?" मी घरी जाऊन टोस्टर उलटा करून पाहिलं. पावाचा चुरा सगळ्या ओट्यावर पडला, पण आकडा मिळाला. परवानगीही मिळाली, पण इमारतीच्या वायरमनने इशारा दिला, "बाई, तिकडची लाईन जुनी आहे. माईक पण त्याच लाईनवर आहे. जरा सांभाळून." मी मान डोलावली. सांभाळून म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आई झाल्यापासून हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की तो आता कानाबाहेरूनच परत जातो.

शुक्रवारी नवऱ्याचा फोन आला. यंत्र सुधारलं नव्हतं. तो शनिवारी येऊ शकत नव्हता.

"सॉरी गं. खरंच सॉरी. तू मजा कर."

"करते," मी म्हणाले. आणि सहा पेअर धुवायला घेतले.

शनिवारी पावणेपाचला मी टोस्टर, पावाचे चार पुडे, फळं, चीज, मध, सुरी, फळी आणि ढब्बू असं सगळं दोन खेपांत खाली उतरवलं. केस धुतले होते. वर्षभर कपाटात असलेला निळा कुर्ता घातला होता. स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि सभागृहात उघडणारी वाढपाची खिडकी. ही खिडकी कोणी बांधली देव जाणे. तिच्यावर एक मोठी फळी ठोकलेली आहे, त्यामुळे आतून पलीकडची माणसं दिसतात ती गळ्याच्या खाली आणि कमरेच्या वर. चेहरा कोणाचाच दिसत नाही.

बाहेर लोक जमायला लागले. हसण्याचे आवाज आले. मी पहिले दोन पाव टाकले. एवढ्यात खिडकीत गाऊनच्या ऐवजी साडी आली आणि ओळखीचा आवाज म्हणाला, "द्या इकडे तिला. सुरीजवळ पोर ठेवतात का?" समोरच्या काकू! साखळीशिवाय! मी ढब्बूला खिडकीतून पार्सलसारखं दिलं, आणि ती मागे वळूनही न पाहता गेली. नंतर कळलं, त्या संध्याकाळी ढब्बूच्या बावीस ओळखी झाल्या, दोघांनी तिला लग्नाची मागणी घातली आणि एका आजोबांचा चष्मा तिने चाखला.

मी मात्र आत. भाजा, लावा, कापा, ठेवा. हात येत होते. बांगड्यांचे हात, अंगठ्यांचे हात, नेलपॉलिश अर्धं उडालेला एक हात, त्याची मला फार आपुलकी वाटली. प्रत्येक हात एक टोस्ट उचलायचा आणि जायचा. मी खाली वाकून चेहरा पाहायचा प्रयत्न केला, की तेवढ्यात टोस्ट वर उडायचे. "अय्या, हे कसं केलंत?" असं विचारायला थांबण्याइतका वेळ मी कोणालाच देत नव्हते, पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं घड्याळ चालू होतं ना! ज्या गर्दीत जाण्यासाठी नऊ दिवस खटाटोप केला, त्या गर्दीकडे पाठ करून मी पावाला चीज लावत उभी होते. वा रे माझी अक्कल.

साडेपाचला सचिवकाका माईकवर आले. "बंधूभगिनींनो, आपल्या इमारतीला एकूण सहाशे चाळीस लिटर रंग लागला. त्यापैकी बाहेरील भिंतींना..."

मी टोस्टर दाबला. माईक घोगरा झाला, घरघरला आणि गप्प झाला.

बाहेर शांतता. मग वायरमनची धावपळ. टोस्ट वर आले. माईक सुरू झाला. "...बाहेरील भिंतींना चारशे दहा लिटर. आता जिन्याकडे वळू..." मी पुढचे दोन पाव दाबले. जिना तिथेच राहिला.

तिसऱ्या वेळी सभागृहात कोणाच्यातरी लक्षात आलं. एक पुरुषी हात खिडकीत आला, मनगटाला कडं होतं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, अजून दोन टाका ना."

"आवडले का?" मी फुलून विचारलं.

"अहो, सचिवकाका आता पाण्याच्या टाकीवर येतायत. टाका लवकर!"

आणि रांग लागली. खरोखरीची रांग. एक मुलगी म्हणाली, "मावशी, चार द्या, भाषणाची अजून तीन पानं आहेत." कोणीतरी कुजबुजलं, "पाव संपले तर माझ्या घरी आहेत, आणू?" टोस्टर दाबला, की माईक झोपायचा, आणि हळूच टाळ्या पडायच्या. मी मूर्ख, पहिल्यांदा त्या टाळ्या टोस्टना आहेत असं समजले. माझ्या पाककलेला आयुष्यात एवढी मागणी कधी आली नव्हती, आणि त्यातल्या एकाही माणसाला भूक लागलेली नव्हती. माझ्या नाकाचा शेंडा झोंबायला लागला. मी मान खाली घालून मध ओतत राहिले. एका टोस्टवर जरा जास्तच ओतला गेला.

त्या सगळ्या हातांत एक हात वेगळा होता. बारीक, सुरकुतलेलं मनगट आणि त्यावर पुरुषाचं मोठं घड्याळ, इतकं सैल की हात पुढे केला की ते कोपराकडे घसरायचं. हा हात भाषण सुरू व्हायच्या आधीपासून येत होता. एक टोस्ट घ्यायचा, जायचा, रांगेच्या शेवटी लागून परत यायचा. सात वेळा आला. माझी त्यावर सगळी भिस्त होती. इतर काहीही म्हणोत, या एका माणसाला टोस्ट आवडलाय, असं मी स्वतःला सांगत होते.

सहाशे चाळीस लिटरांचा हिशेब पाचव्यांदा अर्धवट राहिला, तेव्हा सचिवकाकांनी कागद मिटला. लोक जेवणाच्या टेबलाकडे वळले आणि माझी खिडकी एकदम रिकामी झाली. माझे पावही संपले होते. मी सुरी धुवायला घेतली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि ते घड्याळ आत आलं. आता पहिल्यांदाच घड्याळाच्या वर चेहरा होता. सत्तरीच्या एक बाई, हातात कागदी बशी, आणि बशीत एकावर एक रचलेले सात टोस्ट. एकालाही दात लागलेला नव्हता.

"हे परत घेता का हो?" त्या म्हणाल्या. "टाकवत नाहीत."

माझा शेवटचा बुरूज ढासळला. "एकही खाल्ला नाहीत?"

"कवळी दुरुस्तीला दिलीय. कुरकुरीत चावत नाही मला."

"मग सात वेळा घेतलेत कशाला?" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा वर गेला.

त्या जरा ओशाळल्या. घड्याळ वर सरकवलं. "रांगेत बरं वाटतं. पुढचा मागचा काहीतरी बोलतो. एरवी नुसतं उभं राहिलं ना, की लोक आदराने खुर्ची आणून देतात. आणि खुर्चीवर बसवलं, की मग कोणी बोलत नाही."

मी नळ बंद केला. स्वयंपाकघरात एकच स्टूल होतं. ते मी पुढे करणार होते, पण हात आखडला. मीच ओट्याला टेकून उभी राहिले. त्याही माझ्याशेजारी टेकल्या.

"तुम्ही कुठल्या मजल्यावर?" मी विचारलं.

"चौथ्या. तुमच्या डोक्यावर."

सुरी माझ्या हातातून मोरीत पडली. एका दमात मी सगळं बोलून टाकलं. सतरंजी, खुळखुळे, तीन चिठ्ठ्या, ढब्बूच्या घोषणा, रोजचं घर्रर्र आणि धप्प. "मला कळत होतं हो तुम्हाला त्रास होतो ते," मी म्हणाले, "पण तिला समजवायचं तरी कसं!"

त्यांनी आधी बशी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "अगं, ती माझी जेवायची खुर्ची. जड आहे, ह्यांच्या वेळची. उचलवत नाही, ओढावी लागते, आणि मग मी धप्पकन बसते."

"रोज बरोबर ती झोपल्यावरच?"

"मग? पोर रडत असताना घास उतरतो का? ती झोपली, की म्हणते चला, आता खाली आई जेवायला बसेल. की मग मीही बसते." घड्याळ चाचपत त्या म्हणाल्या, "वर्षभर आपण बरोबरच जेवतोय."

खरं तर मी त्या वेळी जेवत नाही, उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"आणि तक्रार करायची तर खाली उतरून नसते का आले?" त्या म्हणाल्या. "तेवढंच कोणाकडे जाणं झालं असतं."

त्यांनी बोलता बोलता सवयीने वरचा टोस्ट दाबून पाहिला. बोट आत गेलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद होऊन कितीतरी वेळ झाला होता. पाव मधात आणि पेअरच्या पाण्यात भिजून, चीजशी एकजीव होऊन, पार मऊ पडला होता. ज्या गोष्टीला मी नऊ दिवस घाबरत होते, ती पूर्णपणे झाली होती. त्यांनी कोपरा तोडला, तोंडात घातला, जिभेने टाळ्याशी दाबला.

"अगं, हा जातोय की!" त्या म्हणाल्या. आणि मग, देवाशपथ, म्हणाल्या, "कसा केलास?"

मी सांगितलं. पेअर, लिंबू, साबणाची चव, गडगडणारी द्राक्षं, थेंब आणि चिमूट, सगळं. त्या तीन टोस्ट खाऊन निघाल्या तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. दातांचा विषय दोनदा निघाला, पण ते त्यांचे दात होते, ते मी धरत नाही. जाताना त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. कितीतरी दिवसांनी ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं. सुरुवातीला जरा अडकलं.

"उद्या ये वर," त्या म्हणाल्या.

"ती झोपलेली असते ना. सोडून येता येत नाही."

"मग मी येईन. पण आधी टोस्ट मऊ होऊ दे. झाले की छताला ठोक."

घरी यायला निघाले तेव्हा सचिवकाका जिन्यात भेटले. "तीनशेदोन, उपकरणाच्या वापराबाबत लेखी खुलासा लागेल."

"देते काका," मी म्हणाले. "तिखट लिहू की गोड?" ते विचारात पडले. अजूनही पडलेले असतील.

हे झालं काल. आज ढब्बू नेहमीच्या घोषणा देऊन पावणेएकला झोपली. मी हळूच दोन टोस्ट भाजले, लावले, बशीत ठेवले आणि लिहायला बसले. वरून अजून आवाज आलेला नाही. आत्ता उठून टोस्ट दाबून पाहिला. बोट आत गेलं.

झाडू दाराआड असतो. दांड्याने छताला दोनदा ठोकलं, हलकेच, ढब्बू उठणार नाही अशा बेताने. आणि मान वर करून उभी राहिले.

घर्रर्र.

मी वाट पाहिली. धप्प आलं नाही. मी जाऊन दाराची कडी काढून ठेवली.